बर्फाखालची तुकडी

फेब्रुवारी 1963. पूर्व लडाखमधलं चुशूल, आणि त्याच्या अंगाला असलेली रेझांग ला नावाची खिंड. उंची 16 हजार फुटांहून जास्त. झाड औषधालाही नाही. वारा असा की उभ्या माणसाला ढकलून बसवेल. अशा थंडीत एक लडाखी मेंढपाळ त्या खिंडीच्या बाजूला चढला.

तीन महिन्यांपूर्वी या डोंगरावर मोठी लढाई झाली, हे खालच्या वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. तोफांचे आवाज साऱ्या खोऱ्याने ऐकले होते. पण त्यानंतर वर कोणी गेलं नव्हतं. बर्फाने वाटा बुजल्या होत्या आणि नवी सरहद्द कुठून कुठे जाते याचा कोणालाच भरवसा नव्हता.

मेंढपाळाला आधी फुटके बंकर दिसले. मग विखुरलेली काडतुसांची टरफलं. मग खंदक. आणि खंदकात माणसं होती.

ती बसलेली होती, ओणवी होती, दगडाच्या आडोशाला टेकलेली होती. हातात रायफली होत्या. बर्फाने त्यांना जसंच्या तसं धरून ठेवलं होतं. मेंढपाळ खाली आला आणि त्याने जे पाहिलं ते सांगितलं.

या एका माणसाच्या सांगण्यामुळे आपल्या लष्कराला आपलीच एक तुकडी सापडली.

मागे जायला हवं, 18 नोव्हेंबर 1962 च्या पहाटेकडे. रेझांग लावर 13 कुमाऊं पलटणीची चार्ली कंपनी होती. जवळजवळ 120 माणसं. बहुतेक सगळे अहिर; रेवाडी, गुडगाव, महेंद्रगड या बाजूचे शेतकऱ्यांचे मुलगे. तेव्हा हा मुलूख पंजाबात होता, हरियाणा राज्य व्हायला आणखी चार वर्षं होती. उन्हाने भाजणाऱ्या सपाट मैदानातली ही पोरं. त्यातल्या बहुतेकांनी लडाखला येण्याआधी बर्फ पाहिलाही नव्हता. त्यांचे कंपनी कमांडर मेजर शैतान सिंह जोधपूरकडचे राजपूत, म्हणजे तेही वाळवंटातलेच.

त्यांच्या हाती पॉइंट थ्री नॉट थ्रीच्या रायफली होत्या. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग पुढची गोळी. त्या थंडीत, सुन्न बोटांनी. जोडीला काही लाइट मशीनगन आणि मॉर्टर. मधे डोंगराची सोंड आडवी आल्यामुळे मागच्या भारतीय तोफांचा मारा या खिंडीपर्यंत पोचू शकत नव्हता. तोफखान्याची साथ मिळणार नाही, हे कंपनीला आधीपासून माहीत होतं. तरी ती तिथे बसली. खिंड सोडली असती तर चुशूलचं खोरं आणि तिथली धावपट्टी उघडी पडणार होती.

पहाटे चिनी सैन्याचा हल्ला झाला, तो परतवला. पुन्हा झाला, पुन्हा परतवला. मग शत्रूने बाजूने आणि मागून चढाई केली. मेजर शैतान सिंह एका प्लाटूनकडून दुसऱ्या प्लाटूनकडे गोळीबारातून जात राहिले, माणसांची जागा बदलत राहिले. त्यांना गोळ्या लागल्या. जवानांनी उचलून न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा आपल्यापायी ही पोरंही मरतील हे त्यांना दिसलं आणि मला इथेच सोडा, असा त्यांनी हुकूम दिला. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला त्यांना ठेवून जवान मागे फिरले.

शंभरहून अधिक माणसं त्या दिवशी तिथे संपली. मूठभर जिवंत राहिले, त्यातले काही कैद झाले. 21 नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि त्या खिंडीवर बर्फ पडत राहिला.

जे थोडे परत आले त्यांनी सांगितलं की कंपनी शेवटपर्यंत लढली. ऐकणाऱ्यांना ते खरं वाटेना. हरलेल्या युद्धात अशा गोष्टींवर विश्वास ठेवायचं बळच उरत नाही. सगळीकडून माघारीच्या बातम्या येत होत्या. एका कंपनीने जागा सोडली नाही, हे कसं मानायचं? त्या परतलेल्या माणसांकडे संशयाने पाहिलं गेलं. मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत जास्त टोचतं ते हे. मरणातून सुटून आलेला माणूस खरं बोलतो आहे आणि समोरचा मान खाली घालून कागद चाळतो आहे.

मेंढपाळाच्या सांगण्यानंतर शोधपथक वर गेलं आणि बर्फाने साक्ष दिली. मॉर्टरवरच्या माणसाच्या हातात बॉम्ब तसाच होता. कंपनीकडे मॉर्टरचे सुमारे 1000 बॉम्ब होते. त्यातले फक्त 7 उरले होते, आणि तेही डागायच्या तयारीत. नर्सिंग असिस्टंट धर्मपाल सिंह दहिया यांच्या हातात इंजेक्शनची सिरिंज होती. कोणा जखमीला टोचता टोचता ते गेले. मेजर शैतान सिंह त्याच दगडाच्या आडोशाला मिळाले, जिथे त्यांना ठेवलं होतं. खाली आणलेल्या जवानांना चुशूलमध्ये लष्करी इतमामात अग्नी दिला गेला, मेजरांचा देह जोधपूरला नेला. त्यांना परमवीर चक्र मिळालं. एकाच कंपनीला, एकाच दिवसाच्या लढाईसाठी, आठ वीरचक्रं मिळाली.

आता मी माझ्या शाळेच्या मैदानावर येतो.

आमच्या तालुक्याच्या गावी 15 ऑगस्टला सकाळी सहापासून कर्णा सुरू व्हायचा. पांढरे कॅनव्हासचे बूट खडू लावून आणखी पांढरे केलेले, ओलं मैदान, आणि कर्ण्यातून मोहम्मद रफींचा आवाज. ‘हकीकत’ या चित्रपटातलं ‘कर चले हम फिदा’. ते गाणं आम्हाला इतकं सवयीचं होतं की ते कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय, हा प्रश्नच कधी मनात आला नाही. शिवाय ते पुरतं कधी वाजायचंच नाही. दुसरं कडवं आलं की पाहुणे यायचे, पी.टी.चे सर हात वर करायचे आणि टेपवाला खटका दाबायचा. गाणं तोडून झेंडावंदन. वर्षानुवर्षं मी ते गाणं अर्धंच ऐकलं.

पुष्कळ वर्षांनी वाचनालयात रेझांग लाची हकिकत वाचत बसलो होतो. मला सनावळ्या वहीत टिपून ठेवायची सवय आहे. एकाखाली एक लिहीत गेलो.

18 नोव्हेंबर 1962, रेझांग ला.

27 जानेवारी 1963, दिल्ली, नॅशनल स्टेडियम. लता मंगेशकर यांनी पंतप्रधान नेहरूंसमोर ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायलं तो दिवस. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांची.

फेब्रुवारी 1963, मेंढपाळ.

पेन तिथेच थांबलं. मी त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या. सगळा देश ज्या संध्याकाळी त्या गाण्याने रडला, नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो, त्या संध्याकाळी चार्ली कंपनी अजून बर्फाखाली होती. हुतात्म्यांना श्रद्धांजली दिली जात होती आणि हुतात्मे खंदकात रायफल धरून बसलेले होते. त्यांना शोधायला अजून कोणी निघालंही नव्हतं.

या शोधासाठी मला कुठे जावं लागलं नाही. सगळ्या तारखा छापलेल्या होत्या, फक्त एकाखाली एक लिहायच्या होत्या. पण त्या दिवसापासून ही गाणी माझ्यासाठी बदलली ती बदललीच. घरी येऊन मी ‘हकीकत’ पुन्हा पाहिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे न उठता.

1962 च्या युद्धावरचा हा चित्रपट 1964 मध्ये आला. म्हणजे ते मृतदेह खाली आणल्याला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. दिग्दर्शक चेतन आनंद. 1946 मध्ये कान महोत्सवात ‘नीचा नगर’साठी सर्वोच्च सन्मान मिळवलेला हा माणूस, पण हिंदी चित्रसृष्टीत तेव्हा त्याच्या पाठीशी उभं राहायला फारसं कोणी तयार नव्हतं. पंजाबचे मुख्यमंत्री प्रतापसिंह कैरों यांनी पैशांची मदत केली. रेझांग लावर गेलेली बरीचशी पोरं याच पंजाबची होती. चेतन आनंद कॅमेरा घेऊन थेट लडाखला गेले. पडद्यावर दिसतो तो डोंगर खरा आहे, ते उजाड उतार खरे आहेत, आणि कृष्णधवल चित्रणामुळे बर्फ आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचे होऊन जातात. बलराज साहनी, धर्मेंद्र, जयंत, विजय आनंद, आणि पहिल्याच चित्रपटात लडाखी मुलगी झालेली प्रिया राजवंश. कथेची मांडणी चित्रपटाची आहे, त्यात प्रेमकथा आहे, पात्रं कल्पित आहेत. रेझांग लाचा इतिहास म्हणून कोणी तो पाहू नये. पण चौकी, वेढा, संपत आलेला दारूगोळा, शेवटपर्यंत लढणारी माणसं हे सगळं त्या हिवाळ्यातून आलेलं आहे.

आणि एक गोष्ट मला त्या काळासाठी फार धैर्याची वाटते. हा पराभवाचा चित्रपट आहे. यात शेवटी झेंडा फडकत नाही. जवान मागे हटतात, वाटेत एकेक करून पडतात, त्यांना वाट मोकळी ठेवणारा कॅप्टन बहादूर सिंह आणि त्याची लडाखी प्रेयसी अंगमो तिथेच मरतात. हरलेल्या देशाला आपला पराभव डोळे उघडे ठेवून पाहता यावा, यासाठी कोणीतरी तो आधी पाहायला हवा होता. चेतन आनंदांनी तो पाहिला. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘चारुलता’नंतर दुसरा क्रमांक ‘हकीकत’ला मिळाला. सत्यजित राय यांच्या त्या चित्रपटानंतरचा दुसरा क्रमांक, ही काही लहान गोष्ट नव्हे.

संगीत मदन मोहन यांचं. गझलांचे बादशहा म्हणून आपण त्यांना ओळखतो. लताबाईंच्या कितीतरी हळव्या गाण्यांमागे त्यांचं नाव आहे. या चित्रपटातही ‘ज़रा सी आहट होती है’ आहेच. पण 1943 मध्ये हेच मदन मोहन सेकंड लेफ्टनंट म्हणून सैन्यात भरती झाले होते आणि दुसरं महायुद्ध संपेपर्यंत वर्दीत होते, हे कळल्यावर ‘हकीकत’चं संगीत मला निराळं ऐकू येऊ लागलं. बराकीतली रात्र त्यांनी जगलेली होती. सैनिक रात्री काय गुणगुणतो हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

‘होके मजबूर मुझे’ ऐका. रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर सिंह, असे चार आवाज. बर्फात अडकलेल्या जवानांना घरची माणसं आठवताहेत. तिने पत्र जाळलं असेल का, मला विसरायचं ठरवलं असेल का, अशा शंका. युद्धपटातलं गाणं आणि त्यात युद्धाचा शब्दही नाही. रफींचा आवाज तयार, तलत यांचा कापरा, मन्ना डे यांचा भरीव, आणि भूपिंदर यांचा अगदी कोवळा, नवखा. चार गायक चार प्रकारची माणसं होऊन जातात आणि एका तंबूत बसतात. भूपिंदर तेव्हा दिल्ली आकाशवाणीवर गिटार वाजवायचे. तिथल्या एका जेवणाच्या प्रसंगी मदन मोहन यांनी त्यांचं गाणं ऐकलं आणि त्यांना मुंबईला बोलावून घेतलं, असं सांगतात. पडद्यावरही ते जवानाच्या वेषात दिसतात. त्यांची पुढची सगळी कारकीर्द या एका ओळखीतून उगवली.

आणि मग शेवटी ‘कर चले हम फिदा’. शब्द कैफी आझमी यांचे. ‘कागज के फूल’ हा त्यांची गाणी असलेला चित्रपट पडल्यानंतर कैफींच्या नावावर अपशकुनी असा शिक्का बसला होता. त्यांची मुलगी शबाना आझमी एक आठवण सांगतात. चेतन आनंद घरी आले तेव्हा कैफींनी आपलं नशीब वाईट असल्याचं त्यांना आधीच सांगून टाकलं. त्यावर चेतन म्हणाले, माझंही तसंच म्हणतात, दोन अपशकुन मिळून कदाचित चांगलं काही होईल.

गाणं चित्रपटात लागतं तेव्हा ते कोणाच्याच ओठांवर नाही. ज्यांचे ओठ हलू शकतील असं कोणी उरलेलं नाही. पडद्यावर बर्फ आणि पडलेली माणसं, आणि वरून रफींचा आवाज. बोलताहेत ते मेलेले. आम्ही निघालो, आता हे तुमच्याकडे, असं ते मागे राहिलेल्यांना सांगताहेत. शाळेच्या मैदानावर मला वाटायचं की हे गाणं आपण म्हणतो आहोत. खरं म्हणजे ते आपल्याला म्हटलं जात होतं. रफी यात गळा दाखवत नाहीत. मित्रांना मारलेल्या ‘साथियों’ या हाकेवर आवाज लांबतो, आणि ती हाक दरवेळी थोडी अधिक दुरून आल्यासारखी वाटते.

पहिल्याच कडव्यात श्वास थांबत जातो आणि नाडी गोठत जाते, तरी पाऊल थांबत नाही, असा भाव आहे. कवितेत नाडी गोठते तेव्हा आपण ती अतिशयोक्ती समजून पुढे जातो. मीही जात होतो. आमच्या वाड्यात एक निवृत्त सुभेदार राहायचे, सातारकडचे, लडाखात नोकरी केलेले. त्यांना एकदा मी म्हटलं, “काका, नाडी गोठते हे जरा जास्तच आहे ना?” ते चहाची बशी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “अरं बाळा, तिथं रायफलीच्या नळीला उघडा हात लागला तर कातडं नळीलाच राहतं. हात ओढला की रक्त येतं, आन् ते रक्तबी खाली पडायच्या आत घट्ट हुतं. तू गोठण्याचं काय विचारतोस?” मग बराच वेळ ते आपल्या तळहाताकडेच बघत बसले. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गुळगुळीत होती, ठसे नसलेली.

त्यानंतर ते कडवं मला कधीच कविता वाटलं नाही. रेझांग लाच्या शोधपथकाने वर जे पाहिलं, त्याचं ते सरळ वर्णन आहे. श्वास थांबला, नाडी गोठली, आणि बोट चापावरून निघालं नाही.

शेवटचं कडवं तर शाळेत कधी वाजलंच नाही. त्यात कैफी रामायणात जातात. आपल्या रक्ताने जमिनीवर रेघ ओढा, म्हणजे या बाजूला कोणी रावण येणार नाही. आणि राम तुम्हीच, लक्ष्मणही तुम्हीच, असं मरणारा सैनिक मागच्यांना सांगतो. आझमगड जिल्ह्यातल्या शिया घराण्यातून आलेले, हयातभर कम्युनिस्ट राहिलेले कैफी लक्ष्मणरेषा उचलतात आणि हिमालयातल्या सरहद्दीवर ठेवतात. 1962 मध्ये ही सरहद्द नकाशावर कोणालाच नीट दाखवता येत नव्हती. चार्ली कंपनीने मात्र ती जिथे होती तिथे बसून दाखवली होती.

युद्धपट पुष्कळ आले, पुढेही येतील. 2025 मध्ये रेझांग लावरच ‘120 बहादुर’ आला. तंत्र सुधारलं, स्फोट खरे वाटू लागले. तरी साठ वर्षांपूर्वीचं ते कृष्णधवल चित्र आणि ते गाणं आजही माणसाला जागच्या जागी उभं करतं. माझ्या मते याचं कारण साधं आहे. ज्यांचं मरण कोणी पाहिलं नव्हतं, ज्यांच्या सोबत्यांचं सांगणं कोणी खरं मानलं नव्हतं, त्यांना त्या गाण्याने बोलू दिलं. आणि ते बोलले तेव्हा त्यांनी गाऱ्हाणं केलं नाही, सूड मागितला नाही. फक्त कामगिरी सोपवली.

चुशूलच्या वाटेवर त्यांचं स्मारक आहे. 2021 च्या 18 नोव्हेंबरला त्याचं नूतनीकरण होऊन ते पुन्हा खुलं झालं. तिथवर सगळ्यांना जाता येईल असं नाही.

पण पुढच्या 15 ऑगस्टला तुमच्या शाळेत, तुमच्या चौकात, तुमच्या सोसायटीत हे गाणं लागेल. पाहुणे आले तर त्यांना दोन मिनिटं थांबवा. खटक्यावरचा हात काढा आणि शेवटचं कडवं वाजू द्या.